बालकाकडे वळलेले दार

औंढा नागनाथच्या देवळाविषयीची एक आख्यायिका मराठी मनाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. संत नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले असता त्यांना तेथून उठविण्यात आले व मागील बाजूस जावयास सांगण्यात आले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे दार नामदेवांकडे झाले. नामदेवांचे नरसी हे गाव याच हिंगोली जिल्ह्यातले. ही कथा आम्हाला चमत्कारापेक्षा तिच्यातील प्रश्नासाठी मोलाची वाटते. दुबळ्याने दार शोधीत फिरावयाचे, की दाराने त्याच्याकडे वळावयाचे? अत्याचार सोसलेल्या बालकाच्या बाबतीत हाच प्रश्न गेली दीडशे वर्षे समाजापुढे उभा आहे.

सन १८७४ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या लहान मुलीचा घरात अमानुष छळ होत होता. एका मिशन-सेविकेने अनेक दारे ठोठावली. अखेर मदत मिळाली ती प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या संस्थेच्या संस्थापकाकडून, कारण बालकांसाठी तशी संस्थाच नव्हती! पुढच्याच वर्षी ती स्थापन झाली. आपल्याकडे त्यापूर्वीच, १८६३ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. लहानपणीच विधवा झालेल्या आणि फसविल्या गेलेल्या स्त्रियांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. मुंबई इलाख्यात बालकांसाठी कायदा झाला तो १९२४ साली. मात्र औंढा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने या भागाला त्याचा लाभ नव्हता.

कायदे झाले, आश्रमगृहे झाली. तरी एक दुःख तसेच राहिले. अत्याचार झालेले मूल आपली कहाणी प्रथम आईला सांगे, मग ठाण्यात, मग दवाखान्यात, मग वकिलापुढे आणि शेवटी भर न्यायालयात, आरोपीच्या डोळ्यांदेखत. प्रत्येक वेळी प्रश्न विचारणारा नवा आणि जखम मात्र तीच. सांगता सांगता शब्द थोडा बदलला की मूल खोटे ठरे. पुष्कळ आईबाप ‘नको ती शोभा’ म्हणून मधूनच माघार घेत.

या दुःखावर १९८५ साली अमेरिकेतील हंट्सव्हिल या गावी एक साधा उपाय शोधला गेला. बड क्रेमर हे तेथील सरकारी वकील. मुलाला दारोदार फिरविण्याऐवजी सर्व वडीलधाऱ्यांनीच मुलाकडे यावे, अशी त्यांची कल्पना. त्यासाठी एक घरासारखे घर घेतले. या पद्धतीत खेळणी असलेल्या खोलीत एकच प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी त्याच्या कलाने बोलते. पोलीस, वकील व समाजसेवक दुसऱ्या खोलीतून ते ऐकतात आणि बोलणे ध्वनिचित्रमुद्रित होते. वैद्यकीय तपासणी व समुपदेशन यांची सोयही तेथूनच होते. आईबापांसाठीही एक सोबती नेमलेला असतो. पुढची तारीख कोणती, मूल रात्री दचकून उठले तर काय करावे, घरातलाच माणूस आरोपी असेल तर चूल कशी पेटावी, हे सारे त्याने पाहावयाचे. आज अमेरिकेत अशी ९०० हून अधिक केंद्रे आहेत.

आपल्या देशात ही वाट टप्प्याटप्प्याने तयार झाली. सन १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी सुरू केला. मुलाने पैसे न भरता हाक मारावी आणि माणसाने त्याच्यापाशी जावे, हे त्याचे सूत्र. सन २००७ मध्ये केंद्र सरकारने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते आणि बहुतेकांनी तो कोणालाच कळविला नव्हता. तत्पूर्वी २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्ष देताना बालक व आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, असे सांगितले होते. या साऱ्यातून ‘पॉक्सो’ कायदा घडला आणि १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला.

त्या कायद्यात देऊळ खरोखरच फिरलेले दिसते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावयाचा. शक्यतो स्त्री-अधिकाऱ्याने, आणि गणवेशाविना. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरने करावयाची. मुलाला रात्री ठाण्यात ठेवावयाचे नाही, न्यायालयात वारंवार बोलवावयाचे नाही. जिल्ह्याची बालकल्याण समिती कुटुंबाच्या संमतीने एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. खटला संपेपर्यंत ती सोबत राहते. महाराष्ट्र शासनाने २०१३ साली ‘मनोधैर्य’ योजनेद्वारे आर्थिक साहाय्याची जोड दिली. ज्या हैदराबादशी औंढ्याचा कारभार १९५६ पर्यंत बांधलेला होता, त्याच शहरात २०१६ साली पोलिसांनी ‘भरोसा’ केंद्र उघडले आणि पोलीस, डॉक्टर, समुपदेशक यांना एका छताखाली आणले. महाराष्ट्रातही पुढे अनेक ठिकाणी ‘भरोसा सेल’ सुरू झाले.

परंतु कागदावरचे दार खेड्यापर्यंत वळावयास वेळ लागतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण औंढ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आले. तरीही रोजंदारी बुडवून तेथवर जाणे, कचेरीत कोणाला भेटावयाचे हे ठाऊक नसणे आणि गावात तोंड दाखविण्याची भीती ही अंतरे किलोमीटरांत मोजता येत नाहीत. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुले नातलगांकडे राहतात किंवा फडावर जातात. त्यांचे ऐकणार कोण?

येथे आपणही अंतर्मुख झाले पाहिजे. हिंगोली जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. आपल्या शाळा, वसतिगृहे व धर्मशिक्षणाचे वर्ग जिथे आहेत, तिथे मुले आपल्या विश्वासावर सोपविलेली असतात. चर्चमध्येही मुलांवर अत्याचार झाले आणि संस्थेच्या नावासाठी ते झाकले गेले, हे कटू सत्य आपण नाकारू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी घटना चर्चच्या अधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले. आपल्या देशाचा कायदा तर प्रत्येक प्रौढाला पोलिसांना कळविण्यास बांधतो. संस्थेचा प्रमुख गप्प राहिला तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. प्रभूने शिष्यांच्या मधोमध बालकाला उभे केले, ते त्याला जाब विचारण्यासाठी नव्हे.

मोठी केंद्रे उभारणे आपल्या हाती नसेल. पहिले केंद्र मात्र आपले स्वयंपाकघरच आहे. मूल काही सांगू लागले तर काम बाजूला ठेवून ऐकावे, उलटतपासणी करू नये, ‘तुझा दोष नाही’ असे म्हणावे आणि १०९८ फिरवावा. सन २०२३ पासून ही सेवा शासन चालविते. शेजारच्या घरावर असा प्रसंग आला तर कुजबुज न करता त्या आईबरोबर हिंगोलीच्या गाडीत बसावे. तेवढ्या सोबतीनेही ते दार तिच्या मुलाकडे थोडे अधिक वळेल.