बोली की भाषा? गोव्यातल्या एका शब्दाचा इतिहास

भाषेमुळे संघर्ष कसे घडतात, हा आपला विषय. आज त्यासाठी एकच शब्द घेऊ: 'बोली'. दिसायला किती निरुपद्रवी! पण कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादात गोव्यातली वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली आणि १९८६ च्या आंदोलनात माणसांचे प्राणही गेले. व्याकरणाच्या प्रश्नासाठी कोणी मरतं का? आमच्या मते तो प्रश्न व्याकरणाचा नव्हताच.

थोडं मागे जाऊ. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ते मराठीत. याच स्टीफन्सनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या नावात या भाषेला 'कानारिम' म्हटलं आहे. म्हणजे पुराण रचायला एक भाषा आणि लोकांशी बोलायला दुसरी, ही विभागणी तेव्हाही होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचं फर्मान काढलं, तरी ती घराघरात टिकली. पुढे देवळातलं कीर्तन मराठीत, कचेरी पोर्तुगीजमध्ये, घरात कोंकणी, आणि ख्रिस्ती समाजात तीच कोंकणी रोमन लिपीत, अशी वाटणी दिसते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं. त्या बाजूचा युक्तिवाद पाहा: कोंकणी ही मराठीची बोली, म्हणून गोवेकर मराठी भाषिक, म्हणून गोवा महाराष्ट्राचा. विरोधक म्हणाले: कोंकणी ही भाषा, म्हणून गोवा वेगळा. निष्कर्ष उलटे, पण गृहीतक दोघांचंही एकच, बरं का! जिथे भाषा एक तिथे राज्य एक. भाषावार प्रांतरचनेच्या त्या काळात हे गृहीतक कोणालाच तपासावंसं वाटलं नाही. एका शब्दावर सगळ्या युक्तिवादाचा भार आला, तो यामुळे.

आता १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हताच. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

यातली खरी गंमत पुढेच आहे. विलीनीकरणाविरुद्ध लढणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं गाजलेलं सदर 'ब्रह्मास्त्र', तेही मराठीत. 'आम्ही महाराष्ट्रात येणार नाही' हे गोवेकरांनी गोवेकरांना चांगल्या मराठीत पटवलं! बा. भ. बोरकर तर दोन्ही भाषांचे कवी, आणि तेही विलीनीकरणाच्या विरोधात. म्हणजे माणूस एखाद्या भाषेवर जीव लावतो आणि तरी त्या भाषेच्या राज्यात जायला नकार देतो. युक्तिवादात न मावणारी ही गोष्ट मतपेटीत मावली.

पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला आणि १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. वाद मिटला? नाही. त्या कायद्यात 'कोंकणी' या शब्दाची व्याख्या देवनागरी लिपीतली कोंकणी अशी आहे. मग पिढ्यान्‌पिढ्या रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी विचारलं: आमची कोंकणी कोणती मग? काल ज्यांना 'तुमची ती नुसती बोली' असं ऐकावं लागलं, त्यांच्याच विजयाच्या कायद्यात दुसऱ्या कोणाला तरी बाहेर उभं राहावं लागलं.

आपण मराठी माणसं 'अहो, तुम्ही मुळात आमचेच' असं किती प्रेमाने म्हणतो! त्यात प्रेम असतंच. पण समोरच्याचं नाव काय, हे ठरवण्याचा हक्कही आपण गुपचूप स्वतःकडे घेतलेला असतो. तेव्हा बातमीत किंवा चर्चेत 'ही तर बोली' असं वाक्य आलं, की दोन गोष्टी विचारून पाहू: हे कोण म्हणतंय, आणि या वाक्यानंतर त्याला काय मागायचं आहे? गोव्याच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं अख्खा प्रदेश.