एका घरचा एक माणूस

आहुपे खोऱ्यात एकट्याच्यानं घर शाकारून होत नसे. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप आणि वर गवताचं छप्पर. वैशाखात जुनं गवत उतरवून नवं घालायचं तर एक जण वर, एक जण आत, दोघे-तिघे पेंढ्या द्यायला हवेतच. काम रेंगाळलं आणि वळीव आला, तर कणगीतलं भात भिजलंच म्हणून समजा. भीमाशंकरच्या अंगाला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून वाडीतली माणसं घरोघर फिरून शाकारणी उरकत. आज तुझं, उद्या माझं, परवा नवरा वारलेल्या चुलतीचं.

हे सगळं मला आईनं सांगितलं, तेही वेरिबीत, कोथिंबीर निवडताना. तिचं माहेर त्याच खोऱ्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं, पार घाटाच्या कडेचं. वेरिबी मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, सपाट माळावर. इथे वर्षाकाठी पाचशेच्या आसपास मिलिमीटर पडला तरी बरं म्हणायचं. आई काही महिन्यांसाठी येते आणि पहिला आठवडाभर शेजाऱ्यांवर नाराज असते. कुणी कुणाच्या दारात येत नाही, ही तिची तक्रार. तिच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. पहाटे कुणाच्या छपरातून धूर निघतोय ते बघायचं आणि खापरीत निखारा मागून आणायचा. निखाऱ्याबरोबर बातम्याही यायच्या: कुणाची गाय व्यायली, कुणाला रात्री ताप चढला. ताप फारच असला तर चार जणांनी झोळी खांद्यावर घ्यायची आणि घोडेगावच्या दवाखान्याची वाट धरायची. खांदेकरी बदलायला आणखी चार जण मागून चालत.

पण आईच्या गोष्टींतला खरा विषय पडकई. उतारावर भात पिकवायचं तर आधी उतार मोडावा लागतो. वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला ओढायची, दगडांची ताल रचायची, मग कुठे चटईएवढं खाचर तयार होतं. हे होळीनंतरच्या उन्हात करायचं. पाच-सात घरांचा मेळ बसायचा आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या उतारावर काम चालायचं. मजुरी नाही, पण हिशेब पक्का. "एका घरचा एक मानूस," आई सांगते, "पोरगं धाडलं तर अर्धाच धरायचा." कोण कुणाकडे किती दिवस राबलं, हे आजोबांना वर्षभर तोंडपाठ असे. कागद कुठेच नाही. फेड चुकवणाऱ्याला कुणी बोलत नसे, फक्त पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या बांधावर कुणी फिरकत नसे. चांगुलपणा म्हणून आपण या चालीचं फार कौतुक करतो. मला तर ती सावकारीपेक्षा कडक वाटते. सावकार निदान मुदत वाढवून देत असे.

इर्जिकीची गोष्ट थोडी वेगळी. ज्याचं औत मागे पडलं, त्यानं हाक द्यायची. शेजारी आपापले बैल घेऊन येणार, दिवसात रान नांगरून देणार, आणि बोलावणाऱ्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मामा हे रंगवून सांगतात: औतं किती होती, भलरी कुणी धरली, कुणाचा बैल बसला. मी एकदा फोनवर विचारलं, "मामा, जेवण कुणी केलं?" ते म्हणाले, "केलं आसंल बायांनी." आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिनं सांगितलं, इर्जिकीच्या आदल्या रात्री कोंबडा आरवेपर्यंत आजी आणि दोघी जावा जात्यावर बसल्या होत्या. त्या तिघींचं दळण कुणाच्या सावडीत, म्हणजे कामाच्या देवघेवीत, धरलं गेलं नाही आणि त्याची फेड करायला कुणी आलं नाही. ज्याला ना रान ना बैल, त्यालाही या हिशेबात जागा नव्हती; तो इर्जिकीला येऊन राबायचा, जेवून जायचा, पण त्याचं देणं कुणावर चढत नसे.

पुढे सरकारनं पडकईच्या नावानंच योजना आणली आणि डोंगरात यंत्रं आली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्याच तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं दगावली, आणि गाव जागेवर नाही हे आधी कळलं ते एका एसटी चालकाला. कुणी यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला, कुणी तो मानला नाही, नुसत्या पावसावर बोट ठेवलं. मामांचं मत साधं आहे: हातानं एका उन्हाळ्यात एखाद-दुसरं खाचर व्हायचं, तेवढ्यात डोंगर सावरून घ्यायचा. हा शास्त्रीय निकाल नव्हे, पण आयुष्यभर कुदळ धरलेल्या माणसाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

वेरिबीलाही अशी एक वस्ती होती, आता नाहीशी झालेली. मेलबर्नचं सांडपाणी मुरवण्यासाठी १८९० च्या दशकात इथे अवाढव्य शेत उभं राहिलं. १८९७ पासून पाणी येऊ लागलं. तिथल्या कामगारांच्या कुटुंबांचं गाव म्हणजे कोकोरॉक. शाळा, सभागृह, पोहण्याचा तलाव, फुटबॉलचा संघ, सगळं आपलं आपण. १९७० च्या दशकात ते उठलं. आमच्याकडे मूळ आंबेगाव डिंभे धरणात बुडालं. कोकोरॉक मोटारींनी रिकामं केलं. कामाला दुरून येता यायला लागल्यावर सांडपाण्याच्या शेजारी कोण राहील?

वेरिबी साउथला अजून भाजीचे मळे आहेत. फ्लॉवर, ब्रोकोली, लेट्यूस. २००५ पासून त्यांना त्याच सांडपाण्याच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी मिळतं. तिथल्या एका म्हाताऱ्या मळेवाल्याशी आईचं जमलं. त्याचे वडील सिसिलीहून आलेले. फ्लॉवर काढायला आला की चुलत-मावस घरं एकमेकांच्या मळ्यात उतरायची, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दिवस मोजायचे. मी दुभाष्या. आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोरं धाडली तर अर्धा धरायचे का?" तो खो खो हसला आणि म्हणाला, आमचा बाप चतुर्थांश धरायचा. त्यानं टोपलीभर फ्लॉवर दिला. आईनं टोपली रिकामी कशी परत पाठवायची म्हणून तळलेले पापड घातले. तेव्हापासून ती टोपली येते-जाते आहे.

फेडीची आणखी एक तऱ्हा इथे आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या उंच डोंगरांत गुराख्यांनी बांधलेल्या झोपड्या आहेत. त्यांतली वॉलेस बंधूंची १८८९ ची अजून उभी आहे.  या झोपड्यांचा रिवाज असा, की निघताना पुढच्या अनोळखी माणसासाठी कोरडी लाकडं ठेवून जायची. इथे फेड कुणाची, हे ठाऊकच नसतं. आईला तो रिवाज पटला नाही. "देनं कुनाचं ते कळाया नको?" असं तिचं म्हणणं.

टार्नीट, ट्रुगनिना, वेरिबीत आता मराठी घरं बरीच आहेत आणि आई-वडील आलटून पालटून येत असतात. त्यांना बागा आणि पेंग्विन दाखवून झाले की एक संध्याकाळ राखून ठेवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा. गावात कामाला कोण कुणाकडे जायचं ते विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. इर्जिकीचा स्वयंपाक कुणी केला आणि कुणाचं काम हिशेबात धरत नव्हते, हेही विचारा. उत्तर वडिलांनी दिलं, तर ते आईकडून तपासून घ्या.