आजारी गिरणी

थकणे, क्षीण होणे, उतरणीस लागणे ह्या अर्थांच्या शब्दांची इंग्रजी भाषेत वाण नाही. त्यांतील पुष्कळसे कवींनी आणि कादंबरीकारांनी आपल्या परिचयाचे केले आहेत. परंतु नायगाव, परळ, लालबाग ह्या गिरणगावाच्या इतिहासावर ज्या एका शब्दाची मोहोर उमटली, तो काव्यातला नव्हे, कायद्यातला होय. तो शब्द म्हणजे 'सिक'. 'आजारी गिरणी' हा प्रयोग मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे, की विटांच्या भिंतींस आणि लोखंडी साच्यांस आजार कसा व्हावा, हा प्रश्न आता कोणास पडत नाही.

शरीराचे शब्द वस्तूंस लावणे हे वास्तविक सर्वच भाषांत चालते. 'डिक्लाइन' ह्या शब्दाचा लॅटिन मुळातील अर्थ केवळ 'बाजूस झुकणे' असा आहे. पण पुढे इंग्रज कुटुंबांत एखाद्या तरुण मुलीस 'डिक्लाइन' लागले असे म्हटले, की तिला राजयक्ष्मा जडला असे ऐकणारे समजत. आपला 'क्षय' शब्दही तसाच दुहेरी आहे. दक्षाच्या शापाने चंद्रास लागला तो क्षय, पंचांगातील तिथीचा होतो तो क्षय, आणि नायगावाशेजारच्या शिवडीच्या रुग्णालयात ज्यावर उपचार होतात तोही क्षयच. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत आयुष्य काढणाऱ्या आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांस ह्या शब्दाचा परिचय कोशातून करून घ्यावा लागला नाही.

आता कायद्याकडे वळू. 1968 साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले, आणि 1974 च्या कायद्याने देशातील 103 गिरण्या सरकारी मालकीच्या झाल्या. त्या कायद्याच्या नावातच 'सिक' हे विशेषण होते. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. 1983 साली मुंबईतील आणखी तेरा गिरण्यांची व्यवस्था सरकारने हाती घेतली. त्यांत कोहिनूर होती. ह्या 1983 च्या कायद्याचा प्रास्ताविक भाग अभ्यासूंनी अवश्य वाचावा. गिरण्यांची सांपत्तिक स्थिती गैरव्यवस्थेमुळे संपाच्या आधीच बिघडली होती आणि नंतर ती अधिक खालावली, अशा आशयाचे विधान त्यात स्पष्ट केलेले आहे. नावातून 'सिक' गेला आणि कारण उघड झाले! संपाने गिरण्या बुडविल्या असे आजही सहज बोलले जाते; निदान ह्या तेरा गिरण्यांपुरते तरी कायदेमंडळाचे म्हणणे तसे नव्हते.

परंतु दोनच वर्षांनी, 1985 साली, तो शब्द पुन्हा अवतरला, आणि तोही व्याख्येसह. संचित तोटा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेइतका अथवा त्याहून अधिक झाला आणि लागोपाठ दोन वर्षे रोख तोटा आला, म्हणजे नोंदणी होऊन सात वर्षे झालेली कंपनी आजारी ठरे. ह्यात साच्यांची झीज नाही, कामगारांची नाही; नाडी पाहावयाची ती हिशेबाच्या वहीची. रोग ठरविण्यास 1987 पासून एक मंडळही काम करू लागले. प्रकरण मंडळापुढे असेतो त्याच्या संमतीवाचून कंपनीविरुद्ध वसुलीचे दावे चालविता येत नसत. रोग्यास विश्रांती हवी, हे तत्त्व कोण नाकारील? मात्र रोगी म्हटला की दोष कोणाचा हे विचारणे असभ्य ठरते, आणि ह्या विशेषणाची खरी सोय तीच होती.

मराठी शब्द येथे अधिक रोखठोक आहे. 'थकणे' म्हणजे दमणे, आणि 'थकणे' म्हणजे देणे राहून जाणे. साच्यावर उभा राहून माणूस थकतो आणि त्याचा पगारही थकतो, क्रियापद एकच. त्याचे प्रयोजक रूप केले की कर्ता लपत नाही. 'पगार थकला' म्हणणारा मनुष्य घटना सांगतो. 'पगार थकविला' म्हणताच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. झिजणे आणि झिजविणे, खचणे आणि खचविणे ह्यांतही हाच भेद आहे. 'आजारी' ह्या विशेषणास असे रूपच नाही.

तथापि मराठीचा फार अभिमान धरण्याचेही कारण नाही. नायगावात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या दशकात उभारलेल्या 42 चाळी घ्या. त्या 'मोडकळीस आल्या' असे आपण म्हणतो, जणू त्या आपण होऊन तेथवर चालत गेल्या. इंग्रजीतील 'डिलॅपिडेशन' ह्या शब्दात दगड दडलेला आहे, आणि त्याचा जुना अर्थ उधळून टाकणे असा. इंग्लंडच्या धर्मविषयक कायद्यात पाद्र्याने आपल्या ताब्यातील घराची हेळसांड केली, तर त्याच्यामागून येणारा पाद्री त्याच शब्दाखाली त्याच्याकडून भरपाई मागू शके. येथे पारडे इंग्रजीचे जड आहे.

जमाखर्चाच्या भाषेत साच्याच्या झिजेस 'घसारा' म्हणतात, आणि तो दरसाल नफ्यातून वजा करता येतो. साचेवाल्याच्या झिजेसाठी त्या वहीत रकाना नव्हता.

गिरण्यांखालची जमीन मात्र कधी आजारी पडली नाही. 1991 च्या विकास नियमावलीने तिच्या विक्रीची वाट मोकळी केली, आणि 2005 साली दादर पश्चिमेकडील कोहिनूर गिरणी क्रमांक 3 ची जागा 421 कोटी रुपयांस विकली गेली. 1985 चा तो कायदा 1 डिसेंबर 2016 पासून रद्द झाला, आणि नव्या संहितेत आजाराच्या जागी 'नादारी' आली. मूळ फारसीत तिचा अर्थ 'जवळ काही नसणे' एवढाच आहे.