गंजाच्या रंगाचं ऊन

आज राजा नाही, लढाई नाही. एका खेड्याची गोष्ट सांगतो.

इंग्लंडच्या हॅम्पशायरमधलं सेलबोर्न गाव. तिथले पाद्री गिल्बर्ट व्हाइट पाऊस किती पडला, पाकोळ्या कधी आल्या, बागेतलं कासव कधी जागं झालं, असलं सगळं टिपून ठेवायचे. मला आधी हा रिकामा उद्योग वाटला. मग १७८३ चा उन्हाळा वाचला.

२३ जून ते २० जुलै गावावर विचित्र धुरकं होतं. भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका, घरात जमिनीवर पडणारं ऊन गंजाच्या रंगाचं. आज कापलेलं मटण उद्या खाण्याजोगं राहत नव्हतं. माश्यांनी घोडे हैराण. उगवता-मावळता लालभडक सूर्य बघून गावकरी धास्तावले.

कारण होतं दूर आइसलंडमध्ये. ८ जूनला तिथे लाकीच्या भेगांतून लाव्हा उसळला. त्याचे गंधकाचे वायू समुद्र ओलांडून आले. व्हाइटना हे ठाऊक नव्हतं. दिसलं ते त्यांनी लिहिलं.

त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात इंग्लंडमधल्या कित्येक चर्चच्या दफन-नोंदी एकदम वाढलेल्या दिसतात. त्यात धुरक्याचे बळी किती, तापाचे किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण वाद घालायला पुरावा उरलाय, तो अशा गावातल्या वह्यांमुळेच.

तुमच्याही घरात आजोबांची एखादी जुनी वही असेल. रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!