पावणेदोन लाख निगेटिव्ह

अनेक छायाचित्रकारांनी आपापले कॅमेरे घेऊन निरनिराळ्या दिशांना जावे, सर्वांनी एकच विषय डोळ्यांपुढे ठेवावा आणि प्रत्येकाचे काम शेवटी एकाच संग्रहात जमा व्हावे, ही पद्धत आज हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत रुळलेली आहे. तिचा एक फार मोठा आणि दूरवर परिणाम करणारा प्रयोग मात्र 1935 ते 1943 या काळात अमेरिकेत, तोही एका सरकारी खात्याच्या आश्रयाने झाला. ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खात्याच्या संग्रहातील दहा-बारा चित्रे जगभर गाजली, आणि त्यांच्या कीर्तीमुळे उरलेला संग्रह अंधारात राहिला. वास्तविक या उपक्रमाचे मोल त्या दहा-बारा चित्रांपेक्षा बाकीच्या हजारो साध्या चित्रांत अधिक आहे, कारण ती चित्रे सुचण्यामागे एका कुशल डोळ्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, विचारपूर्वक तयार केलेल्या प्रश्नांचा हात होता.

या उपक्रमाची पार्श्वभूमी शेतीच्या अरिष्टाची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चढा भाव मिळाल्यामुळे अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ पठारे मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आली होती; मातीला धरून ठेवणारे गवत गेले, पुढे 1929 नंतर मंदीने शेतमालाचे भाव कोसळले आणि लागोपाठ अवर्षणाची वर्षे आल्यावर ती उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा या राज्यांतील हजारो कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघाली आणि तेथे फळे, भाज्या व कापूस यांच्या हंगामामागे एका तळावरून दुसऱ्या तळावर हिंडू लागली. ऊसतोडणीसाठी घरदार बंद करून बाहेर पडणाऱ्या आणि कारखान्याच्या परिसरात पालांत राहणाऱ्या कुटुंबांचे जिणे ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दक्षिणेकडील कापसाच्या पट्ट्यात तर दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीने राबणारी, म्हणजे पिकाचा ठरलेला वाटा मालकाला देणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बुडालेली होती.

अशा शेतकऱ्यांना कर्ज, नवी वसाहत किंवा निवाऱ्याचे तळ मिळवून देण्यासाठी 1935 साली ‘रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ हे खाते स्थापन झाले आणि 1937 मध्ये त्याचेच ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ असे नामांतर झाले. या कामावर होणाऱ्या खर्चाला काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, कडवा विरोध होता; त्यामुळे खेड्यांतील दैन्य शहरांतल्या वाचकापर्यंत पोचवणे ही खात्याची गरज होती. हे काम खात्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल यांनी आपले जुने शिष्य आणि कोलंबिया विद्यापीठातील सहकारी रॉय स्ट्रायकर यांच्याकडे सोपवले. स्ट्रायकर हे अर्थशास्त्राचे अध्यापक होते, छायाचित्रकार नव्हते, आणि ही गोष्ट उपक्रमाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. कोलोरॅडोतील गुरांच्या रानावर वाढलेल्या या माणसाला चित्राच्या मांडणीपेक्षा त्यात काय दिसते याची ओढ अधिक होती. टगवेल यांच्या अर्थशास्त्रावरील पाठ्यपुस्तकासाठी त्यांनी पूर्वी चित्रे जमवली होती, आणि आकड्यांनी न पटणारी गोष्ट चित्राने पटते हे त्यांनी त्याच वेळी ओळखले होते.

स्ट्रायकर यांच्या हाताखाली आठ वर्षांत आर्थर रॉथस्टाइन, डोरोथिया लँग, वॉकर एव्हान्स, बेन शान, कार्ल मायडन्स, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोलकॉट, जॅक डेलानो, जॉन व्हॅशन आणि गॉर्डन पार्क्स अशी माणसे येऊन गेली. त्यांच्या हातांतले कॅमेरे एका जातीचे नव्हते, आणि ज्याचा कॅमेरा जसा तशी त्याची माणसाशी वागण्याची रीत, हे त्यांच्या चित्रांतून स्पष्ट दिसते. एव्हान्स यांचा आवडता कॅमेरा 8 बाय 10 इंचांच्या फिल्मचा होता. तो तिपाईवर उभा करायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे, मागच्या दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा निरखायची आणि मगच फिल्मचा एक ताव आत सरकवायचा. अशा कॅमेऱ्यासमोर माणूस स्वतःला सावरून, सरळ पाहत उभा राहतो, आणि म्हणूनच 1936 मध्ये अलाबामातील कुळांची त्यांनी घेतलेली चित्रे इतकी गंभीर व निश्चल आहेत. याउलट चित्रकार असलेले शान लायका हा लहान कॅमेरा वापरत. सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर चालणारा हा जर्मन कॅमेरा 1925 साली बाजारात आला होता, एका रोलमध्ये 36 चित्रे घेता येत आणि तो कोटाच्या खिशात मावे. शान यांनी त्याला काटकोनात पाहणारे भिंग लावले होते, त्यामुळे ते रस्त्याच्या एका बाजूकडे तोंड करून उभे असले, तरी चित्र दुसऱ्या बाजूच्या माणसांचे निघत असे. त्या माणसांच्या चेहऱ्यांवरचा मोकळेपणा खरा आहे, परंतु तो त्यांच्या नकळत घेतलेला आहे, ही बाबही दृष्टीआड करता येत नाही.

इतक्या भिन्न हातांना आणि कॅमेऱ्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे ‘शूटिंग स्क्रिप्ट’, अर्थात काय टिपायचे याविषयी स्ट्रायकर यांनी प्रत्येकाला पाठवलेली लेखी प्रश्नावली. दौऱ्यावर निघण्यापूर्वी छायाचित्रकाराने त्या प्रदेशाचा भूगोल वाचावा असा त्यांचा आग्रह असे आणि जे. रसेल स्मिथ यांचा ‘नॉर्थ अमेरिका’ हा ग्रंथ ते त्यासाठी हातात देत. मायडन्स कापसाच्या प्रदेशात निघाले असता त्यांना कापसाची माहिती नाही हे ध्यानात येताच स्ट्रायकर यांनी त्यांचा प्रवास थांबवला आणि कापूस कसा पिकतो, कोण विकत घेतो, त्याच्यापायी जमिनीचे व माणसाचे काय होते, हे रात्री उशिरापर्यंत समजावून सांगितले, अशी आठवण नोंदली गेली आहे. छायाचित्रणाच्या शिक्षणात भिंग, शटर आणि प्रकाश यांना जितके स्थान मिळते, त्याच्या निम्मेही या प्रकारच्या तयारीला मिळत नाही, ही उणीव आजही तशीच आहे.

1936 मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर तयार केलेली, लहान गावांविषयीची प्रश्नावली या दृष्टीने फार बोलकी आहे. संध्याकाळी घरात लोक काय करतात, निरनिराळ्या मिळकतींच्या घरांत भिंतींवर काय टांगलेले असते, माणसे एकमेकांना कोठे भेटतात, आणि पुरुषांना भेटायला जितक्या जागा आहेत तितक्या बायकांना आहेत का, असे प्रश्न त्यात होते. शेवटचा प्रश्न मराठी मुलखातल्या पार, चावडी आणि पाणवठा यांनाही जसाच्या तसा लागू पडतो. असा प्रश्न मनात घेऊन गावात शिरलेल्या छायाचित्रकाराला न्हाव्याचे दुकान, टपाल कचेरीची पायरी, चर्चमधून परतणारी मंडळी ही केवळ सुंदर दृश्ये राहत नाहीत, ती उत्तरे होतात. आणि दहा गावांतून दहा जणांनी आणलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की तुलना शक्य होते. एकट्या छायाचित्रकाराला, तो कितीही प्रतिभावान असला तरी, ही तुलना उभी करता येत नाही.

या संग्रहातले सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र अशा कोणत्याही यादीतून आले नाही. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मटार खुडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी लँग यांनी मोटारीतून जाता जाता पाहिली, त्या वीसेक मैल पुढे गेल्या आणि मग गाडी वळवून परत आल्या. मटाराचे पीक गारठ्याने गेले होते आणि मजुरांना काम उरले नव्हते. लँग यांच्याजवळ ग्राफ्लेक्स होता. या कॅमेऱ्याच्या माथ्यावरील चामडी कोनाड्यात वाकून पाहावे लागते, आतल्या आरशाने वरच्या दुधी काचेवर पाडलेले समोरचे दृश्य दिसते, आणि प्रत्येक चित्रानंतर 4 बाय 5 इंचांची फिल्म बदलावी लागते. म्हणजे एक चित्र आणि दुसरे चित्र यांच्यामध्ये वेळ जातो, आणि त्या वेळात छायाचित्रकाराला पुढे सरकता येते. लँग यांनी तशीच मोजकी चित्रे घेतली. पहिल्यांत पूर्ण पाल, पेटी आणि मुले दिसतात. शेवटच्यात आईचा चेहरा, हनुवटीला टेकलेला हात, तिच्या खांद्यांत तोंड लपवलेली दोन मुले आणि मांडीवरचे तान्हे बाळ एवढेच उरते. तिचे वय बत्तीस होते. लँग यांनी ते विचारले, नाव मात्र विचारले नाही. ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ने बातमी छापल्यावर त्या तळावर 20,000 पौंड अन्न पाठवण्यात आले, परंतु तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. त्या स्त्रीची ओळख जगाला 1978 साली पटली आणि त्या चित्राचा आपल्याला काहीही लाभ झाला नाही, अशी खंत तिने बोलून दाखवली. या चित्राची थोरवी वर्णन करणाऱ्या प्रत्येकाने ही खंतही सांगितली पाहिजे.

या चित्राशेजारी रसेल ली यांचे एक चित्र ठेवून पाहण्यासारखे आहे. डिसेंबर 1936 मध्ये आयोवा राज्यात घेतलेल्या या चित्रात एका शेतकऱ्याच्या वृद्ध बायकोचे फक्त दोन हात आहेत: गाठाळलेली बोटे, जाड झालेले सांधे आणि मागे साध्या कापडाचा पोशाख. रासायनिक अभियंता म्हणून शिक्षण घेतलेले ली फ्लॅशचा सढळ वापर करत, कारण घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काय आहे हे दिसलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. फडताळातल्या बरण्या, भिंतीला चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद, चुलीमागे वाळत घातलेले कपडे अशी शेकडो चित्रे त्यांनी जमवली. त्यांतले एखादे प्रदर्शनात टांगले तर कोणी थांबणार नाही, पण पन्नास एकत्र पाहिली की एका वर्गाचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. व्हॅशन यांची गोष्टही याच संदर्भात महत्त्वाची आहे. ते 1936 मध्ये शिपाई म्हणून नोकरीला लागले आणि चित्रांच्या पाठीमागे मजकूर नकलून काढणे हे त्यांचे काम होते; हजारो चित्रे रोज हाताळता हाताळता संग्रहात काय आहे आणि काय नाही हे त्यांना कळत गेले, आणि त्यातूनच ते कॅमेऱ्याकडे वळले.

समान विषयाची ही शिस्त जाचकही ठरली. वॉशिंग्टनला आलेल्या निगेटिव्हमधून निवड करताना नापसंत चित्र पुन्हा कधी छापलेच जाऊ नये म्हणून स्ट्रायकर यांच्या कचेरीत त्या निगेटिव्हला पंचने गोल भोक पाडले जाई. हजारो निगेटिव्ह अशा रीतीने बाद झाले. छायाचित्रकारांनी नाराजी व्यक्त केली आणि पुढे काही वर्षांनी ही प्रथा थांबली. निवडीवर राजकारणाचे दडपण होतेच. 1937 मध्ये लँग यांना लिहिलेल्या पत्रात स्ट्रायकर यांनी गोऱ्या कुळांवर भर देण्यास सुचवले, कारण तीच चित्रे जास्त छापली जातात हे त्यांना ठाऊक होते. हा व्यवहारी हिशेब होता, आणि तो अन्यायाचा होता. कापसाच्या पट्ट्यातील कृष्णवर्णीय कुळांची दुरवस्था त्यामुळे जगासमोर जितकी यायला हवी होती तितकी आली नाही. रॉथस्टाइन यांनी 1936 मध्ये दक्षिण डाकोटात गुराची एक कवटी सुमारे दहा फूट हलवून भेगाळलेल्या जमिनीवर ठेवून टिपली, तेव्हा विरोधी वृत्तपत्रांनी संपूर्ण उपक्रमालाच खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यांची टीका हेतुपुरस्सर होती, तरी पुरावा म्हणून मांडल्या जाणाऱ्या चित्राला दहा फुटांची मोकळीकही परवडत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर प्रश्नावलीचा सूर पालटला. दैन्याऐवजी आत्मविश्वासाने उभे असलेले कामगार, भरलेली कोठारे आणि कारखाने यांची मागणी होऊ लागली. त्याच काळात, 1942 साली, गॉर्डन पार्क्स यांनी वॉशिंग्टनमधील एका सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर, एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला पोछा घेऊन उभे केले. ठरवून दिलेल्या विषयाच्या चौकटीत राहूनही त्या विषयालाच प्रश्न कसा विचारता येतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण या संग्रहात दुसरे नाही. त्या वर्षी हा विभाग युद्धकालीन माहिती कार्यालयाकडे गेला आणि 1943 मध्ये स्ट्रायकर यांनी नोकरी सोडली.

संग्रह विखुरला जाईल ही भीती खरी होती. परंतु 1944 मध्ये तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवण्यात आला आणि पॉल व्हँडरबिल्ट यांनी त्याची मांडणी छायाचित्रकारांच्या नावांनुसार न करता प्रदेश आणि विषय यांनुसार केली. ही मांडणी उपक्रमाच्या मूळ स्वभावाला धरूनच होती. सुमारे 1,75,000 कृष्णधवल निगेटिव्ह आणि सोळाशेच्या आसपास रंगीत पारदर्शिका आज तेथे आहेत, आणि सरकारी पैशातून तयार झाल्यामुळे त्या कोणालाही विनामूल्य पाहता व वापरता येतात. भोक पाडून बाद केलेले निगेटिव्हही त्यांच्यात जपून ठेवलेले आहेत. ते छापले असता भोकातून सगळा प्रकाश आरपार जातो, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर, आभाळात किंवा थेट चेहऱ्याच्या जागी एक काळीभोर चकती उमटते.