पोट गच्च होते, पण कशामुळे?

उर्दूत निदानाला ‘तशखीस’ म्हणतात. त्याचे मूळ अरबी ‘शख्स’, म्हणजे व्यक्ती. गर्दीतून एकाला नेमके ओळखावे, तसा आजार ओळखणे. देवी आणि गोवर यांतला फरक अर-राझींनी हजारेक वर्षांपूर्वी लिहून ठेवला, तो या कलेचा उत्तम नमुना. पण पुरळ डोळ्यांना दिसतो, जठर दिसत नाही. चार घासांत पोट गच्च होणे, मळमळ, उलटी या तक्रारींना हकीम ‘जोफ-ए-मेदा’, म्हणजे जठराची दुर्बलता म्हणत. मात्र एकाच नावाखाली वेगवेगळे आजार राहू शकतात.

1822 साली अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराचे छिद्र बुजले नाही. डॉ. विल्यम बोमाँट यांनी दोऱ्याला बांधलेले अन्न त्यातून आत सोडून पचनाचा वेळ मोजला. पुढे क्ष-किरण आले आणि वॉल्टर कॅनन यांनी मांजराच्या जठराची हालचाल बाहेरून पाहिली. मांजर बिथरले की हालचाल थांबे, शांत झाले की पुन्हा सुरू होई.

1958 मध्ये पॉल कॅसँडर यांनी मधुमेहींमधल्या मंद जठराला ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’ हे नाव दिले. विशेष म्हणजे त्यांच्या रुग्णांची पोटाची तक्रारच नव्हती! म्हणजे तक्रारीवरून जठराचा वेग कळत नाही.

म्हणून आज डॉक्टर क्रमाने प्रश्न विचारतात. वाट अडली आहे का? अल्सरचा व्रण किंवा गाठ दुर्बिणीने दिसते. वाट मोकळी असेल, तर अन्न खरोखर रेंगाळते का? त्यासाठी किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळलेले अंडे-टोस्ट खायला देतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या पद्धतीनुसार चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरले, तर गती मंद समजावी. गती ठीक असूनही त्रास असेल, तर बहुधा ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’.

ही भिंतही पक्की नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभराने तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा दोन्ही गटांतल्या सुमारे चाळीस टक्के रुग्णांचे निदान बदलले होते.

मग या फरकाची पर्वा का करावी? कारण अडलेली वाट गॅसच्या गोळीने उघडत नाही. इन्सुलिन घेतले आणि अन्न जठरातच राहिले, तर साखर धोकादायक उतरते. काही औषधेही, उदाहरणार्थ अफूजन्य वेदनाशामके, जठराला मंद करतात, म्हणून डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. आणि चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून घरातल्या बाईला ‘तुझे नखरे आहेत’ म्हणणे, ही तशखीस नव्हे. गती ठीक असली तरी तिचा त्रास खराच असतो.