काचेची बाटली, प्लॅस्टिकची पिशवी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा रक्त काचेच्या बाटलीत घेत असू. परत आलेल्या बाटल्या, रबरी बुचं, नळ्या आणि सुया घासून ऑटोक्लेव्हमध्ये लावणं हे आम्हा नव्यांचं काम. धुण्यात कसूर राहिली की रक्त चढताना रुग्णाला हुडहुडी भरून ताप येई. बाटलीतून रक्त उतरण्यासाठी आत हवा सोडावी लागे, आणि ती हवा शिरेत गेली तर जिवावर बेते. म्हणून पिशवी आली तेव्हा आम्ही सुटलो. तिच्याबद्दलची कृतज्ञता आजही मनात आहे, आणि ती ठेवूनच पुढचं लिहिते आहे.

ही पिशवी 1950च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनला तयार झाली. शल्यविशारद कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी हे तिचे कर्ते. मर्फींच्या वडिलांना रक्तक्षयावरच्या उपचारासाठी 1934चं नोबेल मिळालं होतं. कोरियाच्या युद्धात या पिशव्या वापरून पाहिल्या गेल्या. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने 1980च्या दशकात देशी पिशवीचं तंत्र विकसित केलं.

पिशवीचा खरा लाभ न फुटण्यापेक्षा मोठा होता. एकमेकींना जोडलेल्या पिशव्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि पिशवी न उघडता तांबड्या पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट वेगळे करायचे. एका दात्याचं रक्त तीन रुग्णांच्या उपयोगी पडू लागलं. काचेत हे असं बंद राहून जमण्यासारखं नव्हतं.

पिशवी पीव्हीसीची असते, आणि नुसतं पीव्हीसी बोअरवेलच्या पाइपासारखं कडक. ते मऊ करण्याची युक्ती वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला 1926मध्ये सापडली. तो रबर धातूला चिकटवण्याचा उपाय शोधत होता. रक्ताच्या पिशवीसाठी या मऊपणाचं काम डीईएचपी नावाच्या थॅलेट गटातल्या प्लॅस्टिसायझरकडे, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाकडे आलं. पिशवीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग तेच असतं. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, आणि चरबीत विरघळतं. रक्तात चरबी असते, म्हणून ते पिशवीतून निघून रक्तात उतरतं. 1970मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेगर आणि रुबिन यांनी हे दाखवून दिलं. साठवलेल्या रक्तात ते सापडलं, आणि रक्त चढवलेल्या माणसांच्या अवयवांतही. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत यकृत आणि नरांच्या वृषणांवर त्याचा घातक परिणाम दिसला.

मग पिशवी लगेच बदलली का नाही? कारण 1980च्या दशकात एक विलक्षण गोष्ट कळली. हेच डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतं आणि पेशी फुटू देत नाही. पोषक द्रावणासह तांबड्या पेशी 42 दिवस टिकतात, त्यात त्याचा वाटा आहे. ते काढलं तर फ्रीजमधल्या पेशी लवकर फुटू लागतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत अवघड गाठ हीच. टंचाईच्या उन्हाळ्यात पिशवी किती दिवस टिकते यावर कुणाचं तरी ऑपरेशन अवलंबून असतं.

पर्याय आहेत. सिट्रिक आम्लापासून बनवलेलं बीटीएचसी रक्ताच्या पिशव्यांत वापरलं गेलं आहे. जर्मनीच्या बीएएसएफने 2002मध्ये आणलेलं डिंच हे दुसरं, त्यावर चांगल्या द्रावणांसह काम चालू आहे. प्लेटलेटच्या पिशव्यांत तर वेगळे प्लॅस्टिसायझर कधीच रुळलेत. तांबड्या पेशींचं तेवढं मागे राहिलं.

लहान मुलांच्या खेळण्यांत युरोपने 2005मध्ये डीईएचपी 0.1 टक्क्यावर आणून ठेवलं, आणि ते योग्यच केलं. पण खेळणं मूल चोखतं, रक्त थेट शिरेत जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002मध्येच नवजात मुलग्यांच्या बाबतीत, शक्य तिथे पर्यायी साधनं वापरण्याची शिफारस केली. युरोपात वैद्यकीय साधनांतलं डीईएचपी बंद करण्याची मुदत आता 1 जुलै 2030 आहे.

उल्हासनगरची थॅलेसेमियाची मुलं दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेतात, तेही जन्मभर. गडचिरोली, नंदुरबारच्या सिकलसेलच्या मुलांपैकी काहींनाही वारंवार घ्यावं लागतं. अपघातात एकदा रक्त चढलेल्या माणसाने काळजी करू नये, त्याला रक्त न मिळण्याचा धोका कितीतरी मोठा होता. या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या अंगात डीईएचपी पुन्हापुन्हा उतरतं, आणि तेही वाढीच्या वयात.

रक्तपेढ्यांसाठी खरेदी करणाऱ्यांना माझी विनंती आहे. निविदेत पिशवीचा प्लॅस्टिसायझर कोणता, हे लिहून मागा. ते नाव पिशवीवर छापलेलं असू द्या. आणि पर्यायी पिशव्या थोड्याच मिळणार असतील, तर त्या आधी नवजात बाळांच्या आणि थॅलेसेमियाच्या वॉर्डात पाठवा.